दानपेटीतले नाणे आणि देणाऱ्याचे मन

रविवारची उपासना निम्म्याहून अधिक झालेली असते. गीत सुरू होते आणि मखमली पिशवी किंवा लाकडी थाळी एका बाकावरून दुसऱ्या बाकाकडे सरकू लागते. कोणी नोट टाकतो, कोणी घडी घातलेला लिफाफा, तर एखादी आजी मूठ मिटूनच हात आत घालते. ख्रिस्ती उपासनेतला हा 'अर्पणा'चा क्षण बाहेरून पाहणाऱ्याला वर्गणी गोळा करण्यासारखा वाटतो. धर्मशास्त्राच्या दृष्टीने मात्र तो उपासनेतला खंड नव्हे, उपासनेचाच भाग आहे. प्रार्थना आणि गीत यांच्या बरोबरीने पैशालाही तिथे जागा दिलेली आहे, आणि ती का दिली आहे हे समजून घेणे उद्बोधक ठरते.

कोकणाला देण्याची रीत नवी नाही. शिमग्याची पालखी, गावदेवीचा जीर्णोद्धार, वाडीतला गणपती यांसाठी चाकरमान्याच्या मनीऑर्डरी पिढ्यान्‌पिढ्या येत राहिल्या. रत्नागिरी शहरात १९३१ मध्ये उभे राहिलेले पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीर यांच्या औदार्यातून घडले, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. संगमेश्वरात तर 'पैसा फंड' हे नावच एका शाळेने धारण केले आहे. एका बाजूला एकाच धनिकाची मोठी देणगी, दुसऱ्या बाजूला हजारोंचा एकेक पैसा. दानाची ही दोन्ही रूपे या मातीला परिचित आहेत. याच जिल्ह्यात ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. पण दोनशे वर्षांपूर्वी मराठी ख्रिस्ती मिशनकार्याच्या एका प्रवाहाचा आरंभ याच किनाऱ्यावर झाला. म्हणून ख्रिस्ती जीवनातील दानवृत्तीचा विचार येथून करणे योग्य ठरावे.

दशमांश : कर की कृतज्ञता?

ख्रिस्ती दानाचा विषय निघाला की पहिला शब्द येतो तो 'दशमांश'. उत्पन्नाचा दहावा हिस्सा देवाचा, ही कल्पना ख्रिस्ती धर्माहून जुनी आहे. उत्पत्तीच्या पुस्तकात अब्राहाम लढाईत मिळालेल्या संपत्तीचा दहावा भाग मलकीसदेक या याजक-राजाला देतो. पुढे मोशेच्या नियमशास्त्रात धान्य, फळे आणि गुरेढोरे यांचा दशमांश देण्याची आज्ञा आली. या आज्ञेची सामाजिक बाजू अनेकदा विसरली जाते. इस्राएलच्या बारा वंशांपैकी लेवी वंशाला जमिनीचा वाटा नव्हता. त्याचे काम उपासनेचे. त्यामुळे इतरांच्या शेतातला दहावा हिस्सा हेच त्याचे उपजीविकेचे साधन होते. शिवाय अनुवादाच्या पुस्तकात दर तिसऱ्या वर्षीचा दशमांश गावातच साठवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांना पोटभर जेवू घालावे, असे सांगितले आहे. म्हणजे दशमांश हा एकाच वेळी उपासनेचा खर्च होता आणि गरिबांसाठीची तरतूदही.

या पार्श्वभूमीवर मलाखी संदेष्ट्याचे वचन वाचावे लागते. दशमांश पूर्णपणे भांडारात आणा, मग आकाशाची कवाडे उघडतात की नाही ते पाहा, अशा आशयाचे ते आवाहन आज सर्वाधिक ऐकवले जाते. परंतु मलाखीच्या त्याच अध्यायात थोडे आधी मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा-अनाथांना पिळणारे आणि परक्याचा हक्क हिरावणारे यांच्यावर देवाचा कोप सांगितला आहे. नहेम्याच्या पुस्तकात तर लेव्यांचा वाटा न दिल्यामुळे ते उपासनेचे काम सोडून आपापल्या शेतावर परतल्याची नोंद आहे. तेव्हा संदेष्ट्याची तक्रार व्यवस्था कोलमडल्याची होती. ती एखाद्या गुंतवणूक योजनेची जाहिरात नव्हती.

विधवेची दोन नाणी

येशूच्या शिकवणीत दशमांशाचा उल्लेख फार थोडा, आणि जिथे आहे तिथे टोचणारा आहे. पुदिना, शेप आणि जिरे यांचासुद्धा दहावा भाग मोजून देणारे, पण न्याय आणि दया विसरणारे धर्माचार्य त्याच्या टीकेचे लक्ष्य झाले. मोजणे चूक आहे असे तो म्हणत नाही. मोजण्याच्या आड मोठ्या कर्तव्यांना रजा देणे चूक, असे त्याचे म्हणणे आहे.

मार्ककृत शुभवर्तमानातील गरीब विधवेची कथा सर्वज्ञात आहे. मंदिराच्या भांडारात श्रीमंत मोठमोठ्या रकमा टाकत असताना ती दोन तांब्याची नाणी टाकते, आणि तिने सर्वांहून अधिक टाकले असे येशू सांगतो. त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी एक दीनार धरली जाई. ती दोन नाणी मिळून त्या दीनाराचा सुमारे चौसष्टावा हिस्सा भरतो. आजच्या मजुरीच्या मानाने पाहिले तर चहाच्या एका कपाएवढीही ती रक्कम नाही. पण ती देऊन तिच्याजवळ काहीच उरले नव्हते. देणगी किती हे दिलेल्या रकमेवरून नव्हे, मागे उरलेल्या रकमेवरून ठरते, हा या कथेचा सरळ अर्थ.

तिचा आणखी एक अर्थ आहे आणि तो व्यासपीठावरून क्वचितच सांगितला जातो. या प्रसंगाच्या अगदी आधीच्या वाक्यात येशूने विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना धिक्कारले आहे. म्हणजे विधवेचे कौतुक आणि तिच्यापाशी शेवटची दोन नाणीच उरावीत अशी अवस्था आणणाऱ्या धर्मव्यवस्थेवरचा आरोप, हे दोन्ही शेजारीशेजारी उभे आहेत. गरिबाच्या त्यागाची कथा सांगून गरिबाकडूनच अधिक मागणाऱ्याने ही दोन वाक्ये एकत्र वाचायला हवीत.

'कुर्बान'विषयीची येशूची टीकाही याच जातीची. आईवडिलांच्या पोषणासाठी लागणारे धन 'देवाला वाहिले आहे' असे जाहीर करून त्यांची जबाबदारी टाळण्याची पळवाट तेव्हा होती. तिला त्याने देवाच्या आज्ञेचा भंग म्हटले. आणि वेदीपाशी अर्पण आणल्यावर भावाचे आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी समेट करावा, असेही सांगितले. दान हे इतर कर्तव्यांतून सुटका करून घेण्याचे साधन नाही, हा या सगळ्याचा इत्यर्थ.

पौलाची वर्गणी आणि तिचा हिशेब

ख्रिस्ती दानाचे सर्वांत सविस्तर विवेचन मिळते ते पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या आठव्या व नवव्या अध्यायांत. प्रसंग व्यावहारिक होता. यरुशलेममधील ख्रिस्ती बांधव दारिद्र्यात होते आणि पौल ग्रीस-मासेदोनियातल्या मंडळ्यांकडून त्यांच्यासाठी निधी जमवत होता. देणारे बहुतांशी यहुदीतर, घेणारे यहुदी. त्यामुळे हा निधी दोन समाजांना जोडणारा पूलही होता.

या अध्यायांत दहाव्या हिश्शाचे नावही नाही. त्याऐवजी काही तत्त्वे आहेत. प्रत्येकाने आपल्या मनात ठरवावे तसे द्यावे, कुरकुरत किंवा दडपणाखाली नव्हे. ज्याच्यापाशी जे आहे त्यावरून त्याचे देणे मोजावे, जे नाही त्यावरून नव्हे. दुसऱ्याला आराम आणि तुम्हाला ओझे असा हेतू नसून समतोल साधावा, आज तुमच्या विपुलतेने त्यांची उणीव भरावी, उद्या त्यांच्या विपुलतेने तुमची. पहिल्या पत्रात तर त्याने पद्धतही सुचवली होती : आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपापल्या कमाईप्रमाणे थोडे बाजूला काढून ठेवावे, म्हणजे ऐन वेळी धावपळ नको.

आणखी एका गोष्टीकडे आजच्या विश्वस्तांनी लक्ष द्यावे. ही रक्कम पौलाने एकट्याने नेली नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी स्वतः निवडलेला, सर्वत्र नावाजलेला एक बंधू सोबत दिला गेला. एवढ्या मोठ्या निधीच्या बाबतीत कोणी बोट दाखवू नये आणि केवळ प्रभूच्या नव्हे तर माणसांच्या दृष्टीनेही व्यवहार स्वच्छ दिसावा, हे कारण पौलाने स्पष्ट लिहिले आहे. धर्मकार्याच्या पैशाला हिशेब विचारणे म्हणजे अविश्वास, असे मानणाऱ्यांना हा प्रेषिताचाच परस्पर दाखला आहे.

स्वेच्छेकडून सक्तीकडे, आणि परत

पहिल्या शतकांत हीच स्वेच्छेची रीत चालली. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या मध्यास रोममध्ये लिहिणारा जस्टिन सांगतो की ज्यांना शक्य आणि इच्छा आहे ते आपल्या मनाप्रमाणे देतात, आणि तो निधी अध्यक्षाकडे राहून अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगातील माणसे व वाटसरू यांच्यावर खर्च होतो. त्याच शतकाच्या अखेरीस उत्तर आफ्रिकेतील तर्तुलियन आवर्जून नमूद करतो की महिन्याकाठी दिली जाणारी ही रक्कम कोणावर लादलेली नसते.

राजसत्ता आणि चर्च जवळ आल्यावर चित्र बदलले. फ्रँकांचा राजा शार्लमेन याने ७७९ मध्ये दशमांश सक्तीचा केला. शेतकऱ्याच्या खळ्यावरचा दहावा भारा हा मग युरोपात हजार वर्षे कर म्हणून वसूल होत राहिला. फ्रान्समध्ये तो १७८९ च्या क्रांतीत गेला. आयर्लंडमध्ये कॅथॉलिक शेतकऱ्यांना अँग्लिकन चर्चसाठी दशमांश द्यावा लागे. त्याविरुद्ध १८३० च्या दशकात रक्त सांडले. इंग्लंडमध्ये १८३६ च्या कायद्याने धान्यरूपी दशमांशाचे पैशांत रूपांतर केले. जर्मनीत आजही नोंदणीकृत चर्चसदस्याच्या प्राप्तिकरावर आठ किंवा नऊ टक्के चर्चकर आकारला जातो. तो नको असेल तर सदस्यत्व रीतसर सोडावे लागते. उत्पन्न निश्चित होते, पण मनाने ठरवून देण्याचा भाग त्यात फारसा उरत नाही.

गोव्याच्या इतिहासातही सक्तीचे एक प्रकरण आहे. सोळाव्या शतकात तिसवाडीतील देवळे पाडल्यावर त्यांच्या जमिनींचे उत्पन्न ख्रिस्ती संस्थांकडे वळवले गेले. चर्चच्या जमाखर्चात ते 'उत्पन्न' म्हणून दिसले असेल. पण दुसऱ्याच्या श्रद्धेचे धन काढून घेऊन उभारलेल्या निधीला दान म्हणता येत नाही. देणाऱ्याची संमती नाही तिथे दानही नाही, ही कसोटी इतिहासालाही लावली पाहिजे.

बाणकोटपासून एडिंबरोपर्यंत

आता कोकणाकडे वळू. स्कॉटिश मिशनरी सोसायटीने पश्चिम भारतातील आपले काम १८२३ मध्ये बाणकोट येथे सुरू केले. पुढे हर्णै हेही केंद्र झाले. मुंबईच्या विल्सन महाविद्यालयाला ज्यांचे नाव आहे ते जॉन विल्सन १८२९ मध्ये पत्नी मार्गारेटसह भारतात आले, तेव्हा त्यांनी मराठीचे पहिले धडे हर्णै-बाणकोटच्या परिसरातच घेतले. या शाळांचा आणि छापील पुस्तकांचा खर्च येत होता तो स्कॉटलंडमधल्या सामान्य चर्चसदस्यांच्या वर्गण्यांतून.

१८४३ मध्ये स्कॉटलंडच्या चर्चमध्ये फूट पडली. पाळकांच्या नेमणुकीत जमीनदारांचा आणि सरकारचा शब्द चालू नये म्हणून शेकडो पाळक आपले वेतन, घर आणि चर्चची इमारत सोडून बाहेर पडले आणि 'फ्री चर्च' स्थापन झाले. विल्सन यांच्यासह भारतातील स्कॉटिश मिशनऱ्यांनीही नव्या चर्चची बाजू घेतली. परिणामी त्यांना जुन्या संस्थेच्या इमारती व साहित्यावरचा हक्क सोडावा लागला. सरकारी आधार नाही, जमिनीचे उत्पन्न नाही. मग पाळकांनी जगावे कसे? थॉमस चामर्स यांनी यावर एक योजना मांडली. प्रत्येक सभासदाने आठवड्याला निदान एक पेनी द्यावी, सर्व गावांचा पैसा एका मध्यवर्ती निधीत यावा आणि त्यातून श्रीमंत शहराच्या आणि ओसाड डोंगरी गावाच्या पाळकाला समान वाटा मिळावा. पौलाच्या 'समतोला'चे ते आधुनिक रूप होते. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी घरोघर फिरून उभारलेल्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे येथे काच कारखाना निघाला. त्या फंडाची आठवण येथे झाल्यावाचून राहत नाही. प्रयोजने वेगळी असली, तरी थेंबे थेंबे तळे साचवण्याचा विश्वास एकच.

पण याच फ्री चर्चच्या वाट्याला दानाविषयीचा एक अवघड प्रश्नही आला. १८४४ मध्ये तिच्या प्रतिनिधींनी अमेरिकेत निधी जमवला. त्यात गुलामांचे मालक असलेल्या दक्षिणेकडील दात्यांचा पैसा होता. एकूण रक्कम सुमारे तीन हजार पौंड. गुलामगिरीतून निसटून आलेले फ्रेडरिक डग्लस यांनी १८४६ मध्ये स्कॉटलंडभर सभा घेऊन हा पैसा परत पाठवा अशी मोहीम चालवली. चर्चने तो परत केला नाही. देवाच्या कामाला लागलेला पैसा कुठून आला हे विचारायचे की नाही, हा प्रश्न मात्र तेव्हापासून पुसला गेलेला नाही. वाळूउपसा, भेसळ, सावकारी, लाच यांतून आलेल्या देणग्या स्वीकारणाऱ्या कोणत्याही धर्माच्या विश्वस्तांना तो आजही लागू आहे.

घेणाऱ्या हातांचे ओझे

मराठी ख्रिस्ती समाजाला दानाच्या प्रश्नाची दुसरी बाजू भोगावी लागली. शाळा, दवाखाने, पाळकांचे वेतन, सारे परदेशी पैशावर. मिरजेचे प्रसिद्ध मिशन रुग्णालय डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये उभारले, तेव्हाही मोठा आधार अमेरिकन दात्याचाच होता. त्या पैशाने असंख्य रुग्णांचे प्राण वाचले यात शंका नाही. पण सतत घेणाऱ्या समाजाच्या आत्मसन्मानाचे काय? १८९६ ते १९०० या दुष्काळी वर्षांत मिशनांनी हजारो अनाथ मुले सांभाळली आणि त्याच काळात 'पोटासाठी बाटले' हा शेराही समाजात रूढ झाला. ज्यांनी धर्मांतरापायी घरदार, वतन, नाती गमावली त्यांनाही तो ऐकावा लागला.

दात्याच्या पैशाबरोबर दात्याच्या अटी येतात, याचा अनुभव पंडिता रमाबाईंनी घेतला. १८८७ च्या डिसेंबरात बोस्टन येथे स्थापन झालेल्या रमाबाई असोसिएशनने दहा वर्षे मदतीचे वचन दिले, ते शाळेत धर्माची सक्ती असणार नाही या भूमिकेवर. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. काही विद्यार्थिनी ख्रिस्ती प्रार्थनेकडे ओढल्या गेल्याचा बोभाटा झाला आणि १८९३ मध्ये न्या. रानडे, डॉ. भांडारकर प्रभृतींनी सल्लागार मंडळाचे राजीनामे दिले. रमाबाईंचे म्हणणे असे की आपण कोणावर सक्ती केली नाही. प्रार्थनेच्या वेळी आपल्या खोलीचे दार उघडे असते, एवढेच. रानडे प्रभृतींचे म्हणणे असे की ज्या विश्वासाने पालकांनी मुली पाठवल्या तो विश्वास महत्त्वाचा. वाद जुना झाला. त्यातून उरलेले सूत्र असे की निधी ज्या कारणासाठी घेतला ते कारण दाता, लाभार्थी आणि समाज या तिघांनाही सारखेच स्पष्ट हवे.

स्वावलंबनाची ओढ विसाव्या शतकाच्या आरंभी प्रकट झाली. २५ डिसेंबर १९०५ रोजी सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली; भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय नेतृत्व ही तिची प्रतिज्ञा होती. तिच्या संस्थापकांपैकी एक, व्ही. एस. अझरिया, १९१२ मध्ये अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप झाले. खेड्यांतील अत्यंत गरीब दलित ख्रिस्ती समाजात काम करत असताना त्यांनी 'ख्रिस्ती दान' या विषयावर स्वतंत्र पुस्तक लिहिले. गरिबाला देण्यातून सूट देणे ही दया वाटते, पण तीत त्याला कायम याचक मानण्याचा धोका आहे, हे या साऱ्या चळवळीच्या मुळाशी होते. मिझोराममध्ये १९१० च्या सुमारास सुरू झालेली 'बुहफाइ थम' म्हणजे मूठभर तांदळाची प्रथा हे त्याचे उत्तम उदाहरण. प्रत्येक जेवणाच्या वेळी गृहिणी शिजवण्याच्या तांदळातून एक मूठ बाजूला काढते. मुठीमुठीने जमलेल्या त्या तांदळाच्या विक्रीतून तेथील चर्चच्या सेवाकार्याला आजही मोठा निधी मिळतो. पैसा नसलेल्या घरातही तांदळाची मूठ असते, आणि ती मूठ देणारी बाई दाती ठरते.

टिळकांचे घर

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ मध्ये जन्मलेले कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकन मराठी मिशनमध्ये त्यांनी काम केले, 'ज्ञानोदय'च्या संपादनात भाग घेतला. पण मिशनच्या पगारावर राहून ख्रिस्ताचे भारतीय रूप समाजापुढे मांडता येत नाही, ही खंत त्यांच्या मनात वाढत गेली. अखेर १९१७ मध्ये पगारी सेवा सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' हा प्रयोग आरंभला. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाल्याने तो अल्पायुषी ठरला. तरीही मराठी मातीतल्या माणसाने पगाराचा आधार सोडून केलेली ती सेवा, दानाच्या इतिहासात महत्त्वाची आहे.

मात्र टिळकांच्या औदार्याचे चित्र एकाच बाजूने पाहणे अन्यायाचे होईल. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' १९३४ पासून प्रसिद्ध झाली. त्यांत हातात आलेला पैसा न टिकवणारे, कोणाचीही नड पाहून विरघळणारे आणि वाटेवरच्या पाहुण्याला घरी आणणारे टिळक भेटतात. त्याच पानांत रिकाम्या डब्यांना तोंड देणारी, चार माणसांच्या अन्नात आठांना जेवू घालणारी गृहिणीही भेटते. देणारा हात एकाचा, झळ सोसणारा जीव दुसऱ्याचा. लक्ष्मीबाई हे विनोदाने सांगतात म्हणून ते कमी गंभीर ठरत नाही. तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात घरच्यांची तरतूद न करणाऱ्याला कठोर शब्द सुनावले आहेत. कुटुंबाचा पैसा देताना कुटुंबाची संमती घेतली का, हा प्रश्न दानाच्या पावित्र्याशी निगडित आहे. आजही घरातील कर्ता परस्पर मोठी देणगी जाहीर करतो आणि मुलांच्या शुल्काची ओढाताण आईच्या वाट्याला येते, अशी घरे सर्व धर्मांत सापडतील.

आजचे प्रश्न

दहा टक्के द्यावेत की नाही, हा प्रश्न मंडळ्यांतून सतत विचारला जातो. चर्चांची भूमिका एकसारखी नाही. कॅथॉलिक चर्च श्रद्धावंतांनी चर्चच्या गरजा आपापल्या ऐपतीनुसार भागवाव्यात असे सांगते, पण टक्का ठरवत नाही. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्या दशमांशाला आदर्श मानतात. काही पेंटेकॉस्टल मंडळ्या त्याला बंधनकारक मानतात. अंकगणित मात्र स्पष्ट आहे. महिना पंधरा हजार मिळवणाऱ्याने दीड हजार दिले तर साडेतेरा हजारांत त्याला घर चालवायचे असते. दीड लाख मिळवणाऱ्याने पंधरा हजार दिले तरी त्याच्याकडे एक लाख पस्तीस हजार उरतात. टक्का सारखा, त्याग सारखा नाही. म्हणूनच दशमांश हा गरिबासाठी दंडक आणि श्रीमंतासाठी मर्यादा बनू नये, असे अनेक धर्मशिक्षक सांगतात. हापूसच्या हंगामावर किंवा मासेमारीवर जगणाऱ्या घराचे उत्पन्न तर महिन्याच्या लिफाफ्यात बसतच नाही. अशा समाजांत हंगामाचा सण उपयोगी पडतो. उपासनेत नारळ, केळी, तांदूळ, कोंबडी, अंडी अर्पण केली जातात; नंतर त्यांचा लिलाव होतो, आणि गरिबाने आणलेल्या अंड्याला ऐपतदार माणूस हौसेने दसपट किंमत देतो. एकाच अंड्यातून दोघांचे देणे घडते.

दुसरा प्रश्न समृद्धीच्या आमिषाचा. पेरा म्हणजे शतपट मिळेल, दान दिल्यास कर्ज फिटेल, नोकरी लागेल, रोग जाईल, अशी प्रवचने दूरचित्रवाणीवरून आणि आता भ्रमणध्वनीवरून घरोघर पोहोचली आहेत. अडचणीतला माणूस त्यांना सहज बळी पडतो. पेरणीची उपमा पौलाने वापरली आहे हे खरे. पण त्याच्या मते मिळणारी विपुलता पुन्हा देता यावे म्हणून आहे. गीतेने प्रत्युपकाराची अपेक्षा न ठेवता दिलेल्या दानाला सात्त्विक आणि फळावर डोळा ठेवून दिलेल्या दानाला राजस म्हटले. मराठी वाचकाला हा भेद वेगळा समजावून सांगावा लागत नाही. देवाशी केलेला सौदा हा शेवटी सौदाच.

तिसरा प्रश्न हिशेबाचा. महाराष्ट्रातील सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेचा १९५० चा कायदा देऊळ, मठ, अग्यारी यांच्याबरोबर चर्चलाही लागू आहे. नोंदणी, जमाखर्च आणि लेखापरीक्षण बंधनकारक आहे. परदेशी देणग्यांसाठी १९७६ मध्ये कायदा आला, २०१० मध्ये नवा झाला आणि २०२० च्या दुरुस्तीने अशी रक्कम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतच स्वीकारण्याचे बंधन आले. त्यामुळे परदेशी मदतीवर विसंबलेल्या संस्थांना स्थानिक दात्यांकडे वळणे भाग पडले आहे. स्थानिक दाता मात्र प्रश्न विचारतो, आणि ते चांगलेच आहे. दारावर क्यूआर कोड लावणे सोपे. वर्षअखेरीस किती आले, किती वेतनावर, किती दुरुस्तीवर आणि किती गरिबांवर खर्च झाले, याचा कागद त्याच दारावर लावणे अधिक गरजेचे. चर्चच्या मोक्याच्या जमिनींच्या व्यवहारांवरून न्यायालयात गेलेली प्रकरणे पाहता विश्वासाला हिशेबाची जोड हवी याविषयी दुमत नसावे.

चौथी गोष्ट दानाच्या दिशेची. पहिल्या शतकांतील निधी प्रामुख्याने अनाथ, विधवा, कैदी यांच्याकडे जात होता. आज मंडळीचा पैसा इमारतीवर, ध्वनियंत्रणेवर, समारंभांवर किती जातो आणि चर्चच्या भिंतीबाहेरच्या गरजूकडे किती, याचे प्रमाण प्रत्येक मंडळीने स्वतः काढून पाहावे. ईस्टरपूर्वीच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळात एक जेवण वाचवून ती रक्कम भुकेल्यांसाठी देण्याची कॅथॉलिक घरांतील रीत या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. तिथे त्याग आणि दान यांचा धागा तुटलेला नाही.

उजव्या हाताने दिलेले डाव्या हाताला कळू नये, असे येशूने सांगितले ते देणाऱ्याला. सांभाळणाऱ्याला पौलाने सांगितले ते नेमके उलट : सर्वांना दिसेल असा व्यवहार ठेवा. देणाऱ्याने गुप्तता पाळावी आणि घेणाऱ्याने पारदर्शकता. व्यवहारात पुष्कळदा याच्या विपरीत घडते. देणाऱ्याचे नाव संगमरवरावर कोरले जाते आणि खर्चाचा हिशेब कपाटात राहतो. ख्रिस्ती जीवनातील दानवृत्तीची आजची परीक्षा दहा टक्क्यांपेक्षा या एका बाबतीत अधिक आहे. दोन नाणी टाकणाऱ्या त्या विधवेचे नाव शुभवर्तमानाने नोंदवलेले नाही. तिच्या नाण्यांचे पुढे काय झाले, हे विचारण्याची जबाबदारी मात्र आजच्या मंडळीवर आहे.